हिमगौरीचा रंग आणि बुटक्यांची मजुरी

२१ मार्च २०२५ रोजी डिस्ने कंपनीचा ‘स्नो व्हाइट’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. मराठी घरांत ही कथा हिमगौरी आणि सात बुटके या नावाने परिचित आहे. चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वी जवळजवळ चार वर्षे, म्हणजे जून २०२१ मध्ये रेचेल झेगलर हिची नायिका म्हणून निवड जाहीर झाल्यापासून, इंटरनेटवर या एका विषयावर घनघोर युद्ध चालू होते. झेगलरची आई कोलंबियन वंशाची. बर्फासारख्या गोऱ्या कांतीमुळे जिला हिमगौरी म्हणतात तिची भूमिका या मुलीने करावी काय, असा सवाल एका गोटाने टाकला. असा सवाल टाकणे हाच वर्णद्वेष होय, असा जबाब दुसऱ्या गोटाने दिला. यूट्यूबवरील समीक्षकांनी यावर तासन्‌तास प्रवचने झोडली, चाहत्यांच्या टोळ्यांनी एकमेकांची उणीदुणी काढली, आणि चित्रपट कोणीही पाहिलेला नसताना त्याच्या बाजूचे व विरुद्धचे शेकडो निकाल लागून मोकळे झाले.

या युद्धाच्या अखेरच्या पर्वात, चित्रपट प्रदर्शित होण्यास जेमतेम महिना उरला असताना, एक वेगळीच घटना घडली. त्या चित्रपटातील सात बुटके हे हाडामांसाचे नट नव्हते. ते संगणकावर घडवलेले होते, आणि ते घडविण्याचे प्रमुख काम एमपीसी या दृश्यपरिणाम करणाऱ्या संस्थेतील कामगारांनी केले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये या संस्थेची मालक कंपनी टेक्निकलर दिवाळखोरीत कोसळली. लंडनपासून मॉन्ट्रियलपर्यंत काम बंद पडले. भारतातही, मुख्यतः बंगळूर येथील आणि काही प्रमाणात मुंबईतील, हजारो कामगारांना घरची वाट दाखविण्यात आली. ज्यांनी रात्रीचा दिवस करून बुटक्यांच्या दाढीचा केस न्‌ केस हलता केला, ते चित्रपटगृहांचे दरवाजे उघडण्यापूर्वीच रस्त्यावर आले होते.

हिमगौरीचा रंग कोणता असावा यावर चार वर्षे रणे माजली. बुटके घडविणाऱ्यांच्या मजुरीचे काय झाले, हे विचारण्याची सवड तुरळक अपवाद वगळता दोन्ही गोटांपैकी कोणालाही झाली नाही. याला नजरचूक म्हणून सोडून देता येणार नाही. या युद्धाची रचनाच अशी आहे की त्यात हा प्रश्न उपस्थितच होऊ नये.

दोन प्रकारची बेफिकिरी

या साऱ्या प्रकाराकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा पुरोगामी वर्तुळात रूढ झाल्या आहेत, आणि दोन्ही घातक आहेत.

पहिली तऱ्हा तुच्छतेची. महागाई, बेकारी, शेतमालाचा भाव असे प्रश्न आ वासून उभे असताना अमेरिकेतल्या सिनेमाच्या चाहत्यांची भांडणे ही पोरकट करमणूक आहे, कार्यकर्त्यांनी तिकडे ढुंकूनही पाहू नये, असे ज्येष्ठ मंडळी सांगतात. दुसरी तऱ्हा भाबडेपणाची. ती तरुण कार्यकर्त्यांत आढळते. पडद्यावर कृष्णवर्णीय नायक आला, स्त्रीच्या हाती तलवार आली, की क्रांतीचा एक टप्पा पार पडला असे त्यांना वाटते, आणि जो त्या चित्रपटाला नावे ठेवील तो प्रतिगामी ठरतो. पहिल्या तऱ्हेचे लोक रणांगण सोडून जातात. दुसऱ्या तऱ्हेचे लोक रणांगणावर उतरतात खरे, पण शत्रूने आखून दिलेल्या रेषेवर उभे राहून लढतात.

तुच्छता करणाऱ्यांनी एक इतिहास ध्यानात घ्यावा. २०१४ साली अमेरिकेत ‘गेमरगेट’ या नावाने ओळखला जाणारा प्रकार झाला. संगणकावरील खेळांच्या समीक्षेत प्रामाणिकपणा हवा अशी वरवरची मागणी होती. प्रत्यक्षात त्या क्षेत्रात काम करणाऱ्या व लिहिणाऱ्या स्त्रियांना बलात्काराच्या आणि खुनाच्या धमक्या देण्यात आल्या, काहींना राहते घर सोडावे लागले. डाव्या विचारवंतांपैकी बहुतेकांनी ‘मुलांचे खेळ’ म्हणून हात झटकले. उजव्यांनी झटकले नाहीत. पुढे ऑगस्ट २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचाराची सूत्रे हाती घेणारे स्टीव्ह बॅनन तेव्हा ‘ब्राइटबार्ट’ या वृत्तसंस्थेचे प्रमुख होते. या संतप्त, एकाकी तरुणांत राजकीय फौज दडलेली आहे हे त्यांनी ओळखले, असे पत्रकार जोशुआ ग्रीन यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात बॅनन यांच्याच तोंडून नोंदवले आहे. बॅनन यांना हे कसे कळले? त्यापूर्वी ते हाँगकाँगमधील एका अशा कंपनीच्या कारभारात होते, की जी संगणकी खेळांतील खोटे सोने खऱ्या डॉलरला विकत असे. या धंद्याला लागणारे सोने चीनमधील तुटपुंज्या मजुरीवरचे तरुण दिवसरात्र खेळून ‘खणून’ काढीत. ही उलाढाल पश्चिमेकडील खेळाडूंना चीड आणणारी होती, आणि त्या चिडीची ताकद धंद्याला जाणवली. धंद्यात जे शिकले, ते राजकारणात वापरले.

तेव्हा हा पोरखेळ नव्हे. जेथे लक्षावधी तरुण रोज रात्री जमतात, जेथे त्यांच्या संतापाला शब्द आणि शत्रू पुरवले जातात, ती जागा राजकारणाचीच आहे. फरक एवढाच की तेथे समाजवाद्यांची शाखा नाही.

संतापाचा कारखाना

हा संताप तयार कसा होतो? त्यामागे एक यंत्रणा आहे, आणि ती समजून घेण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. इचलकरंजीतील खर्चीवाल्या यंत्रमागधारकाची स्थिती ज्यांना ठाऊक आहे त्यांना ती तत्काळ उमगेल. माग त्याचा, शेडचे भाडे त्याच्या माथी, विजेचे बिल त्याच्या माथी. सूत मात्र व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे आणि मजुरीचा दर ठरविण्यात वरचष्माही व्यापाऱ्याचाच. कागदावर तो मालक, व्यवहारात मजूर.

यूट्यूबवरील समीक्षकाचे याहून निराळे नाही. कॅमेरा त्याचा, खोली त्याची, वेळ त्याचा. बाजारपेठ मात्र गूगल कंपनीची. २०१८ पासून जाहिरातींच्या उत्पन्नातील वाटा मिळण्यासाठी किमान १,००० सभासद आणि बारा महिन्यांत लोकांनी पाहिलेले ४,००० तास अशी अट घालण्यात आली. ती पुरी झाली की नेहमीच्या लांबीच्या चित्रफितींवरील जाहिरातींच्या उत्पन्नातून ५५ टक्के त्याचे, ४५ टक्के कंपनीचे. कोणती चित्रफीत कोणापुढे जाईल हे ठरविणारे सूत्र कंपनीच्या कपाटात बंद. २०१२ साली कंपनीने हे सूत्र बदलले. किती जणांनी चित्रफीत उघडली यापेक्षा किती वेळ पाहिली याला महत्त्व आले. त्या दिवसापासून समीक्षकाचा खरा माल बदलला. त्याला आता प्रेक्षकांचा वेळ विकायचा आहे, आणि माणसाला खुर्चीला खिळवून ठेवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे त्याला चिडवणे.

म्हणूनच न पाहिलेल्या चित्रपटावर चाळीस-चाळीस मिनिटांची भाषणे होतात. म्हणूनच एकाच चित्रपटाची जाहिरात निघाली की एक, नटीने मुलाखत दिली की दुसरे, आणि कंपनीने खुलासा केला की तिसरे, असे संतापाचे हप्ते पाडले जातात. ‘त्यांनी तुमचे बालपण हिरावले’ असे सांगणारा आणि ‘ते तुमच्या अस्तित्वाचा द्वेष करतात’ असे सांगणारा हे दोघे एकाच पेढीचे खर्चीवाले आहेत. वरच्या पेढीला कोण जिंकतो याच्याशी कर्तव्य नाही. भांडण चालू राहिले पाहिजे, एवढीच तिची इच्छा.

या भांडणाची किंमत माणसे मोजतात, हे मात्र विसरता कामा नये. २०१६ मध्ये ‘घोस्टबस्टर्स’च्या नव्या आवृत्तीत काम केले म्हणून लेस्ली जोन्स या कृष्णवर्णीय नटीवर ट्विटरवरून इतकी घाण ओतली गेली की तिला काही काळ तेथून निघून जावे लागले. डिसेंबर २०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील ‘द लास्ट जेडाय’ आला. त्यातील केली मरी ट्रॅन ही व्हिएतनामी वंशाची नटी. तिला २०१८ मध्ये इन्स्टाग्रामवरील आपले सारे लिखाण पुसून टाकावे लागले. या मुलींच्या बाजूने निःसंदिग्धपणे उभे राहणे हे समाजवाद्यांचे कर्तव्यच आहे. पण त्यांच्या बाजूने उभे राहणे म्हणजे त्यांना नोकरीवर ठेवणाऱ्या कंपनीच्या बाजूने उभे राहणे नव्हे. हीच रेषा पुसून टाकण्यात कंपन्यांचे हित असते.

ढाल कोणाची, तलवार कोणाची

डिस्नेने २००९ मध्ये मार्व्हल कंपनी सुमारे ४०० कोटी डॉलरला घेतली, २०१२ मध्ये ‘स्टार वॉर्स’ची मालक लुकासफिल्म ४०५ कोटींना, आणि २०१९ मध्ये फॉक्सचा मोठा भाग ७,१०० कोटींहून अधिक रकमेला गिळला. एका मक्तेदाराच्या हाती एवढ्या कथा एकवटल्यावर त्या कथांचे प्रेम हेच त्याचे भांडवल बनते. मग त्याच्या मालावरील टीकेला तो दोन तोंडांनी उत्तर देतो. प्रतिगाम्यांचा हल्ला आला की तो पुरोगामित्वाची ढाल पुढे करतो, आणि त्या ढालीआड रास्त टीकाही अडवली जाते. बाजार बिघडू लागला की तीच ढाल तो गुपचूप माळ्यावर टाकतो.

२०२० साली ‘मुलान’ आला. दिग्दर्शिका स्त्री, नायिका चिनी योद्धा. पडद्यावरील प्रतिनिधित्वाचा केवढा सोहळा! पण शेवटच्या श्रेयनामावलीत शिंजियांगमधील सरकारी यंत्रणांचे आभार मानलेले आढळले, आणि त्यांत तुर्फान येथील पोलीस खातेही होते. ज्या प्रांतात उइघुर मुसलमानांना छावण्यांत डांबले गेले, तेथील पोलिसांचे आभार! पडद्यावर अल्पसंख्य दिसला म्हणजे कंपनी अल्पसंख्यांची झाली असे मानणाऱ्यांनी ही नामावली वाचावी.

चाहत्यांच्या श्रमाची लूट कशी होते याचा नमुना म्हणजे ‘जस्टिस लीग’. नोव्हेंबर २०१७ मध्ये आलेल्या या चित्रपटाचे मूळ दिग्दर्शक झॅक स्नायडर मुलीच्या मृत्यूनंतर काम सोडून गेले होते. त्यांच्या मनातील मूळ आवृत्ती प्रसिद्ध करा, अशी मोहीम चाहत्यांनी उभारली. त्यांतल्या अनेकांचा हेतू निर्मळ होता. आत्महत्या रोखण्याचे काम करणाऱ्या संस्थेसाठी त्यांनी पाच लाखांहून अधिक डॉलर जमवले, हे कोणीही नाकारू नये. पण त्याच मोहिमेत कंपनीच्या नोकरांना धमक्याही गेल्या, आणि २०२२ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने उघड केलेल्या कंपनीच्या अंतर्गत अहवालानुसार मोहिमेतील किमान १३ टक्के खाती बनावट होती. शेवटी काय झाले? वॉर्नर कंपनीला आपली नवी वाहिनी खपवायची होती. मार्च २०२१ मध्ये तिने ती आवृत्ती त्या वाहिनीवर आणली, आणि चाहत्यांनी वर्षानुवर्षे फुकट केलेल्या प्रचाराचे वर्गणीत रूपांतर झाले. चाहते विजयोत्सव करीत राहिले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२२ मध्ये, त्याच कंपनीने जवळजवळ पूर्ण झालेला ‘बॅटगर्ल’ हा चित्रपट कायमचा कुलुपात टाकला. तोटा दाखवून करात सवलत मिळविण्याचा तो हिशेब होता. शेकडो लोकांचे श्रम हिशेबाच्या एका ओळीत नाहीसे झाले. ‘लोकांनी मागितले म्हणून दिले’ हे जर खरे होते, तर येथे लोकांना कोणी विचारले?

लोकमताचा तराजूसुद्धा दुकानदाराचाच आहे. ‘रॉटन टोमॅटोज’ हे चित्रपटांना गुण देणारे प्रसिद्ध संकेतस्थळ २०१६ मध्ये फँडँगो या तिकिटे विकणाऱ्या कंपनीने घेतले. ती कंपनी त्या वेळी युनिव्हर्सल चित्रसंस्थेच्या मालकांची होती आणि वॉर्नरचाही तीत वाटा होता. २०१९ मध्ये टोळधाडीने होणाऱ्या खोट्या मतदानाला आळा घालण्यासाठी ‘तपासलेले’ प्रेक्षकमत वेगळे मोजण्याची पद्धत सुरू झाली, आणि प्रेक्षक खरा आहे याचा पहिला दाखला ठरला फँडँगोवर विकत घेतलेले तिकीट! माल त्यांचा, दुकान त्यांचे, आणि मतपेटीही त्यांचीच.

मूळ हिमगौरी कोणाची?

‘स्नो व्हाइट’च्या वादात एका गोटाचा आक्रोश असा होता की १९३७ सालची मूळ, पवित्र कलाकृती भ्रष्ट झाली. त्या पावित्र्याची थोडी चौकशी करणे अगत्याचे आहे.

तो चित्रपट शेकडो चित्रकारांच्या हातांनी उभा राहिला. पारदर्शक पत्र्यांवर शाई आणि रंग भरण्याचे डोळे फोडणारे काम प्रामुख्याने तरुण स्त्रियांनी केले, तेही कमी पगारावर, आणि पडद्यावर त्यांची नावे आली नाहीत. चित्रपटाने अमाप पैसा मिळवला. श्रेय, पगार आणि संघटनेचा हक्क या प्रश्नांवर असंतोष साचत गेला आणि २९ मे १९४१ रोजी डिस्नेच्या चित्रकारांनी संप पुकारला. त्या संपाच्या अग्रभागी होते आर्ट बॅबिट, म्हणजे ‘स्नो व्हाइट’मधील दुष्ट राणीला हालचाल देणारा कलावंत. संघटनेचे काम केले म्हणून त्यांना नोकरीवरून काढण्यात आले होते. संप कित्येक आठवडे चालला आणि कंपनीला संघटना मान्य करावी लागली. पण मालकाने हे विसरले नाही. १९४७ मध्ये वॉल्ट डिस्ने यांनी अमेरिकन संसदेच्या चौकशी समितीपुढे जाऊन त्या संपाचे खापर कम्युनिस्टांवर फोडले.

म्हणजे १९४१ मध्ये संघटनेत शिरलेले ‘परके’ कलाकृती बिघडवतात असे मालक म्हणत होता, आणि २०२५ मध्ये भूमिकेत शिरलेले ‘परके’ कलाकृती बिघडवतात असे चाहते म्हणत होते. मालकाची भाषा चाहत्याच्या तोंडी बसावी, हा चौऱ्याऐंशी वर्षांचा पराक्रम आहे! आणि दुसऱ्या गोटाचे काय? झेगलरच्या निवडीला क्रांती म्हणणाऱ्यांनी कमी उंचीच्या नटांच्या त्या सात भूमिका संगणकाकडे गेल्या आणि त्यांतील काहींनी हातचे काम गेल्याची तक्रार केली, तिकडे किती लक्ष दिले? तो संगणक ज्यांच्या बोटांनी चालला, त्यांच्या पगाराची चौकशी किती जणांनी केली? कथेतील बुटके हे खाणकामगार आहेत. रोज खाणीत उतरायचे, हिरे खणायचे आणि कथा मात्र राजकन्येची व्हायची. चाहत्यांचे वादही याच कथेबरहुकूम चालतात.

पडद्यावर कोण दिसतो, याला महत्त्व नाही काय?

येथे तरुण कार्यकर्त्यांचा आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्षण्याजोगा नाही. ज्यांना शतकानुशतके चित्रातून, कथेतून, रंगमंचावरून हद्दपार केले, त्यांनी आपला चेहरा पडद्यावर पाहण्याची इच्छा धरली तर तिला वरवरची म्हणण्याचा अधिकार कोणाला? वर्गाचा प्रश्न आधी, वर्णाचा आणि जातीचा नंतर, असे सांगणाऱ्या डाव्यांनी महाराष्ट्रात काय गमावले, हे आता सर्वविदित आहे.

आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तर महाराष्ट्राच्याच परंपरेत आहे. सत्यशोधक जलशांनी ब्राह्मणी तमाशाच्या मालकाकडे एखादी भूमिका मागितली नाही. त्यांनी स्वतःचा फड उभारला. आंबेडकरी जलशांनी तेच केले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक गिरणगावात उभे राहिले, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने गावोगाव कार्यक्रम केले. तेथे चेहरा कष्टकऱ्याचा होता, पण त्याबरोबर शब्द, मंच आणि निर्णयही त्याचाच होता. डिस्नेच्या पडद्यावर फक्त चेहरा भाड्याने घेतला जातो. त्या चेहऱ्यावर हल्ला झाला तर त्याचे रक्षण केलेच पाहिजे, पण भाड्याने घेतलेल्या चेहऱ्याला मालकी समजण्याची चूक करू नये.

आणि पुरोगामी चाहत्यांच्या स्वतःच्या क्रौर्याचे काय? लिंडसे एलिस या अमेरिकन समीक्षिकेचे उदाहरण बोलके आहे. २०१८ मध्ये तिने ‘हॉबिट’ चित्रपटांवर तीन भागांचा माहितीपट केला. त्यात न्यूझीलंडमध्ये घडलेला प्रकार तिने चाहत्यांपुढे मांडला. २०१० मध्ये तेथील नटांच्या संघटनेने सामुदायिक कराराची मागणी केली. चित्रीकरण दुसऱ्या देशात नेण्याची भीती पसरली. हॉबिटच्या प्रेमाचे फलक घेऊन लोक कामगार संघटनेविरुद्ध रस्त्यावर उतरले. वॉर्नरचे अधिकारी वेलिंग्टनला आले, सरकारने त्यांना वाढीव सवलत दिली आणि चित्रपट कामगारांचा नोकरदार हा दर्जा काढून त्यांना कंत्राटी ठरविणारा कायदा घाईघाईने संमत केला. सामुदायिक कराराचा मार्ग पुन्हा खुला करणारा कायदा व्हायला २०२२ साल उजाडले. चाहत्यांचे प्रेम कामगारांविरुद्ध हत्यार म्हणून कसे वापरले जाते, हे या समीक्षिकेने लक्षावधी चाहत्यांना समजावले. या कामाला २०१९ च्या ह्यूगो पुरस्काराचे नामांकन मिळाले. असे काम किती पक्षांच्या प्रचार विभागांना जमले आहे?

मार्च २०२१ मध्ये याच बाईने एका नव्या आशियाई पार्श्वभूमीच्या व्यंगपटाची तुलना एका जुन्या मालिकेशी एका ओळीत केली. तुलना चुकीची असेल, ढोबळ असेल. पण तिच्यावर स्वतःला डावे म्हणवणारेच तुटून पडले, तिची दहा वर्षांची जुनी वाक्ये उकरून काढण्यात आली, आणि त्या वर्षाच्या अखेरीस तिने आपण हे क्षेत्र सोडत असल्याचे जाहीर केले. पुढे ती पुन्हा काम करू लागली ही समाधानाची बाब. परंतु प्रश्न उरतोच. कामगारांचा प्रश्न मांडणारा एक आवाज एका ओळीसाठी गप्प करणारी ही कसली चळवळ? ज्या यंत्राने उजव्यांना संताप विकायला शिकवले, तेच यंत्र डाव्यांच्या हातातही त्याच रीतीने फिरते. यंत्राला विचारसरणी नसते, नफा असतो.

दुसरी वाट आहे

निराश होण्याचे कारण नाही, कारण उलट उदाहरणेही याच जगात आहेत.

२००७ मध्ये ‘फॅनलिब’ नावाच्या एका कंपनीने चाहत्यांनी आवडीने लिहिलेल्या कथांचा बाजार मांडण्याचा घाट घातला. चाहत्यांनी, त्यांतही प्रामुख्याने स्त्रियांनी, मालकाशी घासाघीस न करता स्वतःची संस्था स्थापन केली आणि २००९ मध्ये स्वतःचे ग्रंथालय इंटरनेटवर खुले केले. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे त्याचे नाव. त्यावर जाहिरात नाही, खर्च देणग्यांवर, काम स्वयंसेवकांचे. त्यातील लेखनकृतींची संख्या एक कोटीच्या पुढे गेली आहे, आणि २०१९ मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. तेथे सारे आलबेल आहे असे नव्हे. वर्णद्वेषाच्या तक्रारींवर संस्था पुरेसे करीत नाही म्हणून २०२३ मध्ये चाहत्यांनी संस्थेविरुद्धच आंदोलन केले. पण तेथील संचालक मंडळ सभासदांच्या मतांनी निवडले जाते. रागावलेला सभासद मंडळ बदलू शकतो. गूगलचे मंडळ कोणता प्रेक्षक बदलणार?

दुसरे उदाहरण २०२३ च्या संपांचे. २ मेपासून सुमारे ११,५०० पटकथालेखक १४८ दिवस संपावर राहिले. १४ जुलैपासून नटांची संघटना ११८ दिवस लढली. १९६० नंतर प्रथमच दोन्ही संघटना एकाच वेळी रस्त्यावर होत्या. नटांच्या संघटनेने इंटरनेटवरील प्रसिद्ध मंडळींनाही बजावले की संपकाळात या कंपन्यांकडून पैसे घेऊन त्यांच्या मालाची जाहिरात करणाऱ्याला पुढे संघटनेचे सभासदत्व मिळणार नाही. हजारो चाहत्यांपुढे आणि समीक्षकांपुढे आयुष्यात प्रथमच हिमगौरीच्या रंगाहून वेगळा प्रश्न उभा राहिला: तू कोणाच्या बाजूचा? त्याच सप्टेंबरमध्ये मार्व्हलच्या सुमारे ५० दृश्यपरिणाम कामगारांनी एकमताने संघटनेच्या बाजूने कौल दिला.

हा प्रश्न महाराष्ट्रापासून दूर नाही. मुंबईच्या प्राइम फोकस कंपनीने २०१४ मध्ये लंडनची डबल निगेटिव्ह ही संस्था आपल्यात सामावून घेतली, आणि ऑस्कर मिळविणाऱ्या ‘ड्यून’सारख्या चित्रपटांचे दृश्यपरिणाम याच गटाच्या नावावर आहेत. हॉलिवूडच्या पडद्यावरील चमत्कारांचा मोठा भाग मुंबई, चेन्नई आणि बंगळूरच्या वातानुकूलित खोल्यांत घडतो. लॉस एंजेलिसच्या कामगाराने संघटना केली तर काम पूर्वेकडे वळविण्याची धमकी दिली जाते. पूर्वेकडील कामगाराने तोंड उघडले तर आणखी स्वस्त देशाची. गिरणगावाला हा खेळ नवा नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

प्रथम, बंदीच्या मागणीला विरोध करावा. केरळात २०२३ मध्ये काही समीक्षकांवर चित्रपट पाडल्याबद्दल पोलीस तक्रारी झाल्या, आणि उच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमित्राने २०२४ मध्ये प्रदर्शनानंतर ४८ तास परीक्षण करू नये अशी सूचना केली. पैसे उकळणाऱ्या परीक्षकाला शिक्षा जरूर व्हावी. पण ४८ तासांचे मौन हे निर्मात्याच्या पहिल्या आठवड्याच्या गल्ल्याला दिलेले संरक्षण आहे. तिकिटाचे पैसे देणाऱ्याच्या तोंडाला कुलूप घालणे समाजवाद्यांना मान्य होणार नाही. मागणी करायची ती उघडपणाची: कोणी कोणाकडून किती घेतले, हे प्रत्येक परीक्षणावर छापले जावे, आणि शिफारशीचे सूत्र सार्वजनिक तपासणीस खुले व्हावे.

दुसरे, दृश्यपरिणामांच्या आणि चलचित्रांच्या कामगारांना संघटित करण्याचे काम मुंबईतच सुरू व्हावे. सेवाशर्ती, जादा कामाचा मोबदला, श्रेयनामावलीत नाव आणि कंपनी बुडाल्यास थकीत पगाराला अग्रहक्क, या चार मागण्यांवर आज उभे राहता येईल.

तिसरे, चाहत्यांत मिसळावे. त्यांची टर उडवू नये आणि त्यांच्या भांडणात आंधळेपणाने बाजूही घेऊ नये. जो तरुण एका कथेवर इतके प्रेम करतो की रात्र जागवून तिच्यासाठी भांडतो, त्याच्या ठिकाणी निष्ठा आहे, चिकाटी आहे, लेखणी आहे. बॅनन यांना हे २०१४ मध्ये दिसले. समाजवाद्यांना अद्याप दिसू नये, यासारखी दिवाळखोरी नाही.

आणि पुढच्या वेळी एखाद्या चित्रपटाच्या नायिकेच्या रंगावरून रण पेटेल, ते पेटणारच, तेव्हा कार्यकर्त्याने तिच्यावरील शिवीगाळीचा धिक्कार करून लगेच दुसरा प्रश्न विचारावा: या चित्रपटावर किती हात राबले, त्यांना किती मजुरी मिळाली, आणि नफा कोणाच्या तिजोरीत गेला? या प्रश्नावर भांडणारे दोन्ही गोट एकमेकांकडे पाहू लागतील. आजवर ते फक्त पडद्याकडे पाहत आले आहेत, आणि पडद्याचा मालक त्यांच्याकडे.